ओहोटीची पातळी

मामाने चार्ट उलगडला आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवर चष्म्याचं घर, पितळी डिव्हायडर आणि पाण्याचा तांब्या ठेवला. चौथा कोपरा त्याने तळहाताने दाबून धरला. वास्कोच्या त्याच्या घरी बाल्कांवात दुपारचा वारा थेट समुद्रावरून येतो, आणि हा कागद जुना आहे. नवी आवृत्ती निघाल्यावर रद्द झालेला, म्हणून त्याला घरी ठेवायला मिळालेला.

त्याला नकाशा म्हटलेलं मामाला चालत नाही. नकाशा जमिनीचा, समुद्राचा तो चार्ट, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. मामा नौदलात सर्व्हे रेकॉर्डर होता. वास्कोच्याच जलसर्वेक्षण संस्थेत शिकला, मोजणीच्या जहाजांवर उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर याच गावात घर केलं. त्या वर्षांतले काही महिने तो मॉरिशसभोवतीचं पाणी मोजत होता. मीही मॉरिशसला जाऊन आले आहे, पण मराठीच्या निमित्ताने. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. त्या देशाबद्दल आम्हा दोघांनाही माया आहे आणि त्या मायेपोटीच आमचं भांडण होतं. गेली दोन-तीन वर्षं ते एकाच जागी येऊन अडतं. त्या जागेचं नाव अगालेगा.

मॉरिशसच्या मुख्य बेटापासून उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटरवर दोन चिंचोळी बेटं आहेत. दोन्ही मिळून जेमतेम पंचवीस चौरस किलोमीटर. नारळाची झाडं, खोबऱ्याचा जुना धंदा आणि तीनेकशे माणसं. २०१५च्या मार्चमध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात तिथली सागरी आणि हवाई वाहतूक सुधारण्याबद्दल सामंजस्य करार झाला. भारताच्या पैशाने तिथे तीन हजार मीटरची धावपट्टी आणि जहाजांसाठी नवा धक्का बांधला गेला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने त्यांचं उद्घाटन केलं. हा लष्करी तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. कराराचा मजकूर मात्र लोकांसमोर आलेला नाही.

"तू परत त्या मजकुरावरच येणार," मामा म्हणाला. "आधी हे बघ." त्याने डिव्हायडरचं टोक मॉरिशसच्या किनाऱ्यावर टेकवलं. "सगळी बेटं धरून या देशाची जमीन दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. माणसं साडेबारा लाख. आणि समुद्र किती? जवळपास २३ लाख चौरस किलोमीटर. भारताच्या समुद्राच्या तोडीस तोड. खोलीएवढं घर आणि गावाएवढं अंगण. राखायचं कसं त्यांनी?"

"राखायला मदत करू नये असं मी कधी म्हटलंय?"

"तू म्हणत नाहीस, पण तुझ्या प्रश्नांचा रोख तिकडेच असतो. १९७४ साली आपण त्यांना 'अमर' नावाचं जहाज दिलं. त्यांच्या तटरक्षक दलाची उभारणी आपल्या नौदलाच्या माणसांनी केली, त्या दलाचं प्रमुखपद वर्षानुवर्षं आपल्याच अधिकाऱ्याने सांभाळलं. २०१५मध्ये कोलकात्याच्या गोदीत बांधलेलं 'बॅराकुडा' त्यांच्या ताफ्यात दाखल झालं. किनाऱ्यावर रडार बसवले. हे सगळं त्यांच्या विनंतीवरून. तिथे परकं म्हणून कुणी माझ्याकडे बघितलं नाही, इतक्या महिन्यांत एकदाही नाही."

हे खरं आहे. मलाही तिथे कुणी परकं मानलं नाही. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. गिरमिटाचे मजूर जहाजातून उतरून त्याच पायऱ्या चढून वर आले. पहिली खेप १८३४ साली उतरली आणि पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या वाटेने आली. मी त्या पायऱ्यांपाशी उभी होते तेव्हा शेजारच्या आजींनी मला माझं गाव विचारलं, कोकण हा शब्द ऐकल्यावर माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. दिल्ली आणि पोर्ट लुई यांच्या दोस्तीत अशा हातांची ऊब आहे आणि ती कुठल्याही करारातून आलेली नाही. त्यांचा स्वातंत्र्यदिन १२ मार्चला असतो. गांधीजींची दांडीयात्रा त्याच तारखेला निघाली होती, म्हणून तो दिवस निवडला गेला.

"मामा, आपल्याला कुणी परकं मानत नाही म्हणूनच मला काळजी वाटते. परक्याशी करार करताना माणूस दहा वेळा वाचून सही करतो. आपल्या माणसाने कागद पुढे केला की वाचत नाही. मी बोलते आहे ती पोर्ट लुईच्या मंत्र्यांबद्दल नाही. अगालेगाच्या तीनशे माणसांबद्दल बोलते आहे. त्यांना कुणी काय विचारलं?"

"त्यांचं सरकार आहे ना! निवडून आलेलं सरकार सही करतं तेव्हा त्या तीनशे माणसांच्या वतीनेच करतं. भारताने काय करायचं होतं? मॉरिशसच्या सरकारला बाजूला सारून बेटावर घरोघर फिरायचं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दुसऱ्या देशाच्या सरकारला डावलून त्याच्या नागरिकांशी बोलणं हा सरळसरळ त्या देशाचा अपमान आहे. मी मामाला तसं सांगितलं. पण त्याचबरोबर अगालेगाच्या माणसाची अवस्थाही सांगितली. तिथला कारभार एका सरकारी महामंडळाकडे आहे. रोजगार त्याच महामंडळाचा. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पायाखालची जमीन बेटवाल्यांच्या नावावर नाही. बाळंतपण जवळ आलं की बाईला मोठ्या बेटावर जावं लागतं, त्यामुळे अगालेगाच्या मुलाचा जन्म बहुधा अगालेगावर होतच नाही. वर्षातून मोजक्या वेळा जहाज यायचं. जुनी धावपट्टी तटरक्षक दलाचं छोटं डॉर्निअर उतरेल एवढीच होती.

"झालं तर मग!" मामाने तळहात उचलला आणि चार्टचा कोपरा गुंडाळत वर आला. "तूच माझी बाजू मांडलीस. बाळंतिणीला नेण्यासाठी विमान उतरायला नको? डिसेंबर २०२४मध्ये चिडो वादळ अगालेगावरून गेलं. घरांची छपरं उडाली. मदत न्यायला धावपट्टी उपयोगी पडली की नाही? आपण मदत पाठवली, त्यांच्या पंतप्रधानांनी आभार मानले. तुझ्या मजकुराने कुणाचं छप्पर शाकारलं असतं?"

"छप्पर शाकारलं गेलं याचा मला आनंदच आहे. पण तीन हजार मीटर धावपट्टी बाळंतिणीसाठी लागत नाही, मामा."

तेवढ्यात घरावरून आवाज गेला. वास्कोत राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण मामाने सवयीने मान वर केली. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ तिथेच आहे आणि २०२२पासून पी-८आय विमानांची एक तुकडीही तिथे आहे. पाणबुड्या शोधणारी, हजारो किलोमीटरची गस्त घालणारी विमानं. अगालेगाची धावपट्टी अशी विमानं उतरावीत एवढी लांब आहे. मामा आवाज लांब जाईपर्यंत थांबला.

"नाही लागत," तो शांतपणे म्हणाला. "मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ती लांबी गस्तीसाठी आहे. आणि गस्त असायला हवी. त्या समुद्रातून अमली पदार्थ जातात, चोरून मासेमारी होते. चीनने २०१७मध्ये जिबूतीला तळ उघडला. त्याच वर्षी श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. समुद्रात जागा रिकामी राहत नाही. आपण नसलो तर कुणीतरी दुसरा असेल, आणि तो तुझ्यासारखा त्या तीनशे माणसांचा विचार करणारा नसेल."

"मग हेच उघड सांगायला काय हरकत होती? धावपट्टी गस्तीसाठी आहे, त्याबरोबर तुम्हाला विमानही मिळेल. लोक ऐकतात, मामा. वाद घालतात, पण ऐकतात."

मी त्याला मेट्रोची गोष्ट सांगितली. २०१६मध्ये भारताने मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचं अनुदान दिलं, त्यातून मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचं रुग्णालय अशी पाच कामं झाली. मेट्रो बांधली लार्सन अँड टुब्रोने. त्या मेट्रोवरून तिथे कडाक्याचे वाद झाले. मार्गातली घरं पाडली गेली, लोक कोर्टात गेले, संसदेत खर्चावरून खडाजंगी झाली. पण सगळं डोळ्यांदेखत झालं. आज गाडीत बसणारा माणूस भारताकडे संशयाने पाहत नाही. मी त्या गाडीने पोर्ट लुईहून निघाले, डब्यात कॉलेजची मुलं कानाला फोन लावून क्रेओलमध्ये बोलत होती. गाडी कुठल्या देशाच्या पैशाची, हा विषय त्यांच्यासाठी केव्हाच संपला होता. करसवलतीच्या जुन्या कराराचंही तसंच. १९८०च्या दशकातल्या त्या करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात येणाऱ्या पैशावर इतकी वर्षं टीका झाली, २०१६मध्ये तो बदलला, दोघांनीही कुरकुर केली आणि पुढे गेले. उघड भांडणाने ही दोस्ती तुटत नाही, हे दोनदा दिसलंय.

"विकासाचं काम उघड्यावर करता येतं. संरक्षणाचं येत नाही," मामा म्हणाला. "रडारचा पल्ला किती, विमान कधी उडणार, हे कुणी छापतं?"

"ते छापा असं कोण म्हणतंय? धावपट्टी कुणाच्या हुकमाने वापरायची, किती वर्षांसाठी, बेटावरच्या माणसांना तिथून कुणी कधीही हलवणार नाही असं लिहून दिलंय का, एवढंच विचारते आहे. या तीन ओळींनी शत्रूला काय कळणार आहे?"

"हलवणार? कोण हलवणार?" मामाचा आवाज चढला. "तू आता चागोसवर जाणार. बोल."

मी चागोसवर जाणारच होते, कारण अगालेगाच्या माणसाच्या मनात चागोस असतंच. दोन्हीकडे नात्यागोत्याची घरं आहेत, दोन्हीकडे नारळावर जगलेली माणसं. १९६५ साली ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि त्यापोटी तीस लाख पौंड दिले. स्वातंत्र्य तोंडावर असलेल्या छोट्या देशाला तेव्हा नाही म्हणणं कितपत शक्य होतं, हे सांगायला नको. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हायचा होता, म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तिथली सगळी माणसं काढली. दीड ते दोन हजार माणसं. काहींना मॉरिशसहून परतीचं जहाजच मिळालं नाही, काहींना थेट बोटीत बसवलं. त्यांचे पाळलेले कुत्रे गॅसने मारले. त्यांतली बरीच माणसं पोर्ट लुईच्या कडेच्या वस्त्यांत येऊन पडली. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, विरोधात सहा.

"त्या ११६मध्ये आपण होतो," मामा म्हणाला. "ब्रिटन आणि अमेरिका नाराज होतील हे माहीत असून होतो. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने चागोस परत देण्याच्या करारावर सही केली, त्यामागे आपलाही पाठिंबा आहे. आणि तू आपल्याला त्यांच्या रांगेत बसवतेस? भारताने अगालेगावरून एक माणूस हलवला? एक?"

"नाही. एकही नाही."

"मग?"

माझी चूक मला कळली, आणि मी ती कबूल केली. ही तुलना अन्यायाची आहे. चागोसला जे झालं ती हकालपट्टी होती. अगालेगाला जे झालं ते बांधकाम आहे, आणि ते त्या देशाच्या सरकारने मागितलेलं आहे. मामाच्या डोळ्यांत मला राग दिसला त्याहून जास्त दुखावलेपण दिसलं. ज्या माणसाने त्या समुद्रात महिनोन्‌महिने उन्हात होडी हाकली, त्याच्यापुढे मी त्याच्या देशाला वसाहतवाल्यांच्या शेजारी उभं केलं होतं.

पण एक गोष्ट मी सोडली नाही. २०२५च्या त्या चागोस करारातही दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडेच राहायचं आहे, त्याबद्दल वर्षाला सरासरी दहा कोटी पौंडांहून जास्त रक्कम ठरली आहे, आणि चागोसच्या कितीतरी माणसांची तक्रार हीच आहे की वाटाघाटीच्या टेबलावर आम्हाला खुर्चीच नव्हती. दोन सरकारं चांगल्या हेतूने बसली तरी तिसरा माणूस दाराबाहेर राहू शकतो.

मामा उठला, आत जाऊन कोकमाचं सरबत घेऊन आला. बराच वेळ दोघंही चार्टकडे बघत होतो. किनाऱ्यालगत बारीक बारीक आकड्यांची गर्दी, मग पोवळ्याच्या खडकांची नक्षी, त्यापलीकडे आकडे विरळ आणि एकदम मोठे. त्यातले काही आकडे त्याच्या स्वतःच्या होडीने आणलेले. मी सहज विचारलं, "हा चार लिहिलाय, म्हणजे इथे नेहमी चार मीटर पाणी असतं?"

"नेहमी?" तो हसला. शिकवायला मिळालं की त्याचा चेहरा बदलतो. "नेहमी याहून जास्त असतं. चार्टवरचा आकडा हा ओहोटीचा असतो. तोही साध्या भांगाच्या ओहोटीचा नव्हे, उधाणाच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी येते तशी ओहोटीही खोल जाते. पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही, ती पातळी आम्ही आधी ठरवतो. त्यासाठी किनाऱ्यालगत एक पट्टी रोवायची, टाइड पोल म्हणतात तिला, आणि माणूस बसवायचा. दिवस नाही, रात्र नाही, ठरल्या वेळाला पट्टी वाचायची आणि वहीत लिहायचं. मी रात्रीची पाळी मागून घ्यायचो, मला आवडायची. मग होडीने ओळीत फिरून एको साउंडरने जी खोली मिळते, तिच्यातून त्या वेळचं चढलेलं पाणी वजा करायचं. उरतो तो आकडा छापायचा."

"म्हणजे वाईटात वाईट दिवशी किती पाणी असेल ते."

"बरोबर. आपले जुने खलाशी वावेत मोजायचे, आम्ही मीटरमध्ये. पण तत्त्व तेच. भरतीला कुठल्याही खडकावरून होडी जाते गं. कप्तानाला भरतीचा आकडा देऊन त्याचं भलं होत नाही. त्याला ओहोटीचा द्यायचा."

मला इतका वेळ जे नीट मांडता येत नव्हतं ते मामानेच माझ्या हातात ठेवलं होतं.

"मामा, मग करार कुठल्या पाण्याचा वाचायचा? आज भरती आहे. पंतप्रधान एकमेकांच्या देशात जातात, हार घालतात. आजच्या दिवशी अगालेगावर काही अडचण नाही हे मी मान्य करते. पण उद्या पोर्ट लुईत आणि दिल्लीत बिनसलं, किंवा उद्या एखाद्या सरकारला वाटलं की इथे माणसं नकोतच, तर त्या दिवशी बेटावरच्या माणसाच्या होडीखाली किती पाणी उरतं? तो आकडा कागदावर आहे का? एवढंच मला बघायचंय."

तो लगेच बोलला नाही. डिव्हायडर उघडला, मिटला.

"सरकार बदललं की तिकडे," तो शेवटी म्हणाला. "नोव्हेंबर २०२४मध्ये. ६२पैकी ६० जागा घेऊन विरोधक आले. अगालेगावरून प्रश्न विचारणारेच आले. काय झालं? २०२५च्या १२ मार्चला आपले पंतप्रधान त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे होते. सप्टेंबरमध्ये त्यांचे पंतप्रधान वाराणसीला आले. काही तुटलं नाही."

"तुटलं नाही, आणि ते फार बरं झालं. पण सेशेल्समध्ये?"

हा विषय मामाला त्रास देतो, मला ठाऊक होतं. सेशेल्सच्या असम्पशन बेटावर अशीच धावपट्टी आणि धक्का बांधायचं २०१५मध्येच ठरलं होतं. जवळच अल्डाब्रा आहे, लाखभर राक्षसी कासवांचं जागतिक वारसास्थळ. जानेवारी २०१८मध्ये सुधारित करारावर सही झाली. काही आठवड्यांत त्याचा मजकूर इंटरनेटवर फुटला. लोक रस्त्यावर उतरले, आणि करार तिथल्या संसदेची मंजुरी न मिळताच राहिला. मजकुरात फार भयंकर असं काही होतं म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. आपल्या घराबद्दलचा कागद आपल्याला चोरवाटेने वाचायला मिळतो, हेच लोकांना झोंबलं.

"आणि मालदीव," मी म्हटलं.

"मालदीव नको," मामा म्हणाला.

पण मग त्याने स्वतःच तो विषय काढला. मालदीवशी जलसर्वेक्षणाचा करार २०१९मध्ये झाला होता. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या नव्या सरकारने तो पुढे न वाढवायचं ठरवलं. समुद्राखालची माहिती आमच्याच सैन्याकडे असावी, परक्या देशाकडे नको, असं कारण दिलं. 'इंडिया आऊट'च्या घोषणांवर निवडणूक झालेली होती. "बातमी आली त्या दिवशी मी जेवलो नाही," मामा म्हणाला. "आम्ही काय चोरून नेत होतो? पाणी मोजत होतो. त्यांचीच जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून. चार्ट तयार झाला की तो सगळ्या जगाला मिळतो, कुणीही विकत घ्यावा. आमच्या कामाएवढं उघड काम नौदलात दुसरं नाही. आणि नेमकं त्याच्यावर हेरगिरीचा संशय!"

त्याच्या तोंडून हे ऐकताना मला वाईट वाटलं. मामासारख्या माणसांचं प्रामाणिक काम तिथे संशयात सापडलं, आणि माझ्या मते त्याचं एक कारण हे की त्याच्या शेजारी न सांगितलेल्या गोष्टी होत्या. काही बंद कागदांमुळे उघड्या चार्टवरचाही विश्वास उडतो. मी मामाला हे सांगितलं. त्याने मान हलवली. होकाराची होती की थकव्याची, कळलं नाही.

"एक सांग," तो म्हणाला. "वाकाशियोच्या वेळी तू काय म्हणाली असतीस? तेव्हा कुणी कागद विचारला होता?"

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर खडकात रुतलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेल गळू लागलं. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरलं. भारताने हवाई दलाच्या विमानातून तीस टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा तज्ज्ञ पाठवले. मामाला त्याचा अभिमान आहे, आणि तो अगदी योग्य आहे. पण त्या विमानाआधीचंही एक दृश्य आहे. उसाचा हंगाम होता. किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं, बायका, पोरं उसाचं पाचट गोळा करून कापडाच्या लांब पिशव्यांत ठासत होती, त्या शिवून, रिकाम्या बाटल्या बांधून तरंगणारे बांध तयार करत होती आणि काळ्या झालेल्या पाण्यात उतरून पसरवत होती. हे काम यंत्रणांवर सोपवा, असं सरकारने सांगितलं तरी ती हटली नाहीत.

"तेव्हा मी काहीच विचारलं नसतं. पाचट भरायला बसले असते," मी म्हटलं. "पण बघ ना, समुद्र आधी कुणी राखला? जो तिथे राहतो त्याने. तू म्हणतोस २३ लाख चौरस किलोमीटर राखायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. आहेत की! अगालेगावर तीनशे आहेत. त्यांना बांधकामाच्या कुंपणाबाहेर उभं करून तो समुद्र राखता येईल?"

मामाने यावर वाद घातला नाही. घालू शकला असता. पाचटाने पाणबुडी अडत नाही, एवढं म्हणाला असता तरी मला गप्प बसावं लागलं असतं, कारण ते खरं आहे. तो म्हणाला, "वापर कुणाच्या हुकमाने, मुदत किती, आणि माणसं तिथेच राहणार. या तीन गोष्टी छापायला माझी हरकत नाही. उरलेलं बंद ठेवायचं. आणि तू ते बंद का, हे दर वेळी विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

ऊन उतरलं होतं. तांब्या उचलून त्याने चार्टची एक बाजू मोकळी केली, मग गुंडाळता गुंडाळता थांबला. दक्षिण किनाऱ्याजवळ एका ठिकाणी बोट ठेवलं. पोवळ्याच्या रांगेबाहेर एकटाच, छोटा आकडा.

"हा खडक आम्हाला सापडला नव्हता," तो म्हणाला. "आमच्या दोन ओळींच्या मधे राहिला होता. तिथला एक म्हातारा कोळी आमच्या होडीत आला होता, वाट दाखवायला. नाळेवर उभा राहून पाण्याचा रंग बघायचा. त्याने हात केला, थांबा म्हणाला. आम्ही होडी फिरवून परत आलो, ओळी जवळजवळ मारल्या, तेव्हा एको साउंडरवर तो उठून आला. एवढा वर. त्याच्या भाषेत त्या खडकाला नावही होतं. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं. चार्टवर आलं नाही, आकडाच आला."

"तो काही म्हणाला?"

"पहिल्या दिवशी त्याने विचारलं, तुम्ही इथे कशासाठी आलात? तटरक्षक दलातला त्यांचा एक मुलगा होता आमच्याबरोबर, त्याने मला हिंदीत सांगितलं. मी म्हटलं, पाणी मोजायला. तर तो म्हणाला, मोजून झालं की आकडे आम्हालाही दाखवा."

"मग?"

"चार्ट छापून यायला वेळ लागतो. आला तेव्हा मी दुसऱ्या जहाजावर होतो, बंगालच्या उपसागरात." त्याने गुंडाळलेल्या कागदाला दोरा बांधला, गाठ मारली, परत सोडली. "मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं, एक प्रत त्या गावात द्या म्हणून. पोचली की नाही, ते मात्र मी कधी विचारलं नाही."

मग त्याने तो गुंडाळा माझ्याकडे दिला. म्हणाला, पुढच्या वेळी मॉरिशसला जाशील तेव्हा बरोबर ने.